पहिले सोळा आठवडे

कोल्हापुरात गेल्या काही दशकांत कुत्रा पाळण्याची रीत बदलली, आणि त्या बदलाबरोबर पिल्लाला प्रशिक्षणाच्या वर्गात घालावे की नाही, हा पूर्वी कोणाला न पडलेला प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. मळ्यावर राखणीला ठेवलेल्या किंवा शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या बोळात चार घरच्या भाकरीवर वाढणाऱ्या गावठी कुत्र्याबद्दल तो कधी विचारला गेला नाही. ताराबाई पार्क, नागाळा पार्क किंवा रुईकर कॉलनीतल्या बंगल्यात अथवा सदनिकेत लॅब्राडोरचे, जर्मन शेफर्डचे किंवा रॉटवायलरचे पिल्लू येते, तेव्हा मात्र तो लसीच्या पहिल्या खेपेपासूनच चर्चेत असतो. ‘कुत्र्याला कसली आली शाळा, ते आपसूक शिकते’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. ‘आधी सहा महिन्यांचे होऊ द्या, मग बघू’ असा सल्ला ओळखीतले कोणीतरी देते. आणि ज्यांच्याकडे पैसा आहे पण वेळ नाही, ते घरी येणाऱ्या प्रशिक्षकाचा फोन नंबर मिळवून मोकळे होतात. या तिन्ही मतांत थोडे थोडे तथ्य आहे, तरीही पिल्लाच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा काळ कोणता आणि त्या काळात त्याला काय मिळाले पाहिजे, ही मूळ बाब तिन्हींतून निसटते. ती नीट समजली, तर वर्गाचा निर्णय फारसा अवघड राहत नाही.

कुत्र्याच्या वाढीतील या काळाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत झाला. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन संशोधकांनी पाच जातींच्या कुत्र्यांची पिल्ले जन्मापासून पाहिली आणि कुत्र्याची आनुवंशिकता व सामाजिक वर्तन यांवरील त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्लाचे डोळे आणि कान उघडल्यानंतर, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, त्याच्या मेंदूत ‘हे आपले, याला भ्यायचे कारण नाही’ अशी नोंद फार सहज होते, आणि त्यानंतर अनोळखी गोष्टीविषयी आधी भीती व मग ओळख असा उलटा क्रम सुरू होतो, असे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. या काळाला सामाजीकरणाचा काळ म्हणतात. याच प्रयोगशाळेतील एका प्रयोगात, ज्याचा अहवाल १९६१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, पिल्लांना आईसह उंच कुंपणाच्या मोकळ्या आवारात माणसाचा संपर्क न येऊ देता वाढवले गेले आणि वेगवेगळ्या वयांत त्यांतील काहींना केवळ एक आठवडा माणसांत आणले गेले. पाचव्या ते नवव्या आठवड्यांदरम्यान हा एक आठवडा मिळालेली पिल्ले पुढे माणसांत मिसळली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही, ती मात्र माणसापासून रानटी जनावरासारखी दूर पळत राहिली आणि पट्ट्यात चालणेही त्यांना धड जमले नाही. एवढ्या थोड्या काळाचा एवढा खोल ठसा उमटतो, ही गोष्ट पिल्लू आणणाऱ्या प्रत्येक घराने समजून घेतली पाहिजे, कारण ‘सहा महिन्यांचे होऊ द्या’ हा सल्ला नेमका हाच काळ वाया घालवतो.

वर्ग नावाची गोष्ट नसतानाही कुत्री कामाची कशी होत, याचे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यातच पाहायला मिळते. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेसाठी ज्या धनगर समाजाची गर्दी लोटते, त्यातील मेंढपाळ कुटुंबे आजही मेंढरे घेऊन फिरतात, शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरे बसवतात आणि रात्री लांडग्यापासून व चोरापासून कळपाची राखण कुत्र्यांवर सोपवतात. हे पिल्लू वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या उघड्या मुक्कामावर, कोकरांच्या सोबतीने मोठे होते. मेंढीचा वास, घोड्याच्या टापा, चुलीचा धूर, लहान मुलांची ओढाताण आणि नव्या गावची अनोळखी माणसे हे सारे त्याच्या अनुभवात पहिल्या तीन महिन्यांतच येते. मेंढीला धरायचे नाही हे त्याला कोणी वर्ग घेऊन सांगत नाही. आगाऊपणा केला तर मेंढी ढुशी देते, मोठे कुत्रे गुरगुरते, आणि मेंढपाळाचा आवाज चढतो. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या संशोधक दांपत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील हॅम्पशायर कॉलेजात कळपाच्या राखणदार कुत्र्यांचा जो मोठा प्रकल्प चालवला, त्याचाही निष्कर्ष हाच होता की राखणदार कुत्रा घडायचा असेल तर पिल्लू सोळा आठवड्यांचे होण्याआधी मेंढरांत वाढले पाहिजे. नंतर कितीही शिकवले तरी ती उणीव पुरती भरून निघत नाही. मेंढपाळांच्या वाड्याला हे संशोधनाच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे.

कोल्हापूरच्या इतिहासात याच तत्त्वाचे आणखी एक, अधिक विलक्षण उदाहरण आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळात संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, आणि भारतातील चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले जात. त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. शिकारीसाठी चित्त्याचे पिल्लू घेण्याची प्रथा भारतात नव्हती. शिकार आईकडून शिकलेले वाढीचे जनावरच पकडले जाई, कारण ती विद्या माणसाला शिकवता येत नाही, हे चित्तेवान जाणून होते. माणसाकडून शिकवायचे ते एवढेच, की माणूस, गाडी, गर्दी आणि गोंगाट यांना जनावराने बुजू नये; त्यासाठी डोळ्यांवर टोपी चढवलेल्या चित्त्याला खाटेशी बांधून माणसांच्या वर्दळीत ठेवत, त्याच्याशी तासन्तास बोलत, हातातून मांस भरवत, आणि हा क्रम काही महिने चाले. म्हणजे ज्याला चित्त्याचे शिक्षण म्हटले जाई, त्याचा मोठा भाग माणसांच्या जगाला सरावण्याचा होता. रानातून पकडलेल्या प्रौढ चित्त्याच्या बाबतीत जे काम महिनोन्महिने घेई, तेच दहा आठवड्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या बाबतीत थोड्याशा नियमित प्रयत्नांनी साधते. फक्त ते त्या वयातच करावे लागते.

सदनिकेतील पिल्लाची अडचण इथे सुरू होते. पेठेतल्या पिल्लाला गल्ली आपोआप मिळत होती; दूधवाल्याची सायकल, वरातीपुढचे ढोल, शाळा सुटल्यावरची मुले आणि शेजारची म्हैस ही त्याच्या पाहण्यातली होती. चौथ्या मजल्यावरील पिल्लाला घरातली चार माणसे आणि दूरदर्शन संच एवढेच जग मिळते, आणि त्यातही पशुवैद्यक सांगतो की लसी पूर्ण होईपर्यंत त्याला खाली नेऊ नका. हा सल्ला निराधार नाही. पार्व्हो हा आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार आपल्याकडे सर्रास आढळतो, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि पहिल्या लसीनेच पिल्लू सुरक्षित होते असे नाही, कारण आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातील द्रव्ये, लसीचा परिणाम काही आठवडे रोखून धरू शकतात. त्यामुळेच सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू झालेली लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दिली जाते आणि मालिकेतील शेवटची मात्रा सोळा आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर द्यावी, असे लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेचे मार्गदर्शन आहे. एकीकडे सामाजीकरणाचा काळ चौदाव्या आठवड्याच्या आसपास संपत येतो आणि दुसरीकडे लसीकरण सोळाव्या आठवड्यात पुरे होते. हा पेच खरा आहे, आणि त्यातून मार्ग काढणे हेच पिल्लाच्या शिक्षणातले सर्वांत कठीण पण सर्वांत मोलाचे काम आहे.

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्ये या पेचाविषयी स्पष्ट भूमिका घेतली: लसीची पहिली मात्रा वर्गाच्या किमान सात दिवस आधी झालेली असेल आणि जंतनाशक दिलेले असेल, तर सात-आठ आठवड्यांचे पिल्लू स्वच्छ जागेतील पिल्लांच्या वर्गात जाऊ शकते. लस घेतलेल्या आणि अशा वर्गात गेलेल्या पिल्लांना पार्व्होचा धोका वाढत नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. तिथली परिस्थिती जशीच्या तशी कोल्हापूरला लावता येत नाही, कारण आपल्या रस्त्यांवर लस न मिळालेली कुत्री पुष्कळ आहेत आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोगही पसरतात. पण त्याचा अर्थ पिल्लाला दाराआड कोंडावे असा होत नाही. त्याला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन रंकाळ्याच्या काठी संध्याकाळी अर्धा तास बसता येते, जिथे भेळेच्या गाड्या, फुगेवाले, टोपी घातलेले आजोबा, हेल्मेट घातलेली मुले आणि कर्कश हॉर्न हे सारे एका जागी मिळते. रिक्षातून स्टेशन रोडची एक फेरी मारता येते. लस झालेल्या आणि स्वभावाने शांत अशा ओळखीच्या कुत्र्याच्या घरी त्याला नेता येते. छत्री उघडणारा माणूस, काठी टेकत चालणारी बाई, दाढीवाला पाहुणा, गणवेशातील टपालवाला अशी माणसे पिल्लाने पाहिली पाहिजेत. पाहताना त्याने कान पाडले, शेपूट पोटाशी घेतली किंवा खाऊ नाकारला, तर ते घाबरले आहे असे समजून लगेच अंतर वाढवावे, कारण भीतीत लोटलेल्या पिल्लाला सराव होत नसून भीतीच अधिक पक्की होते.

आता वर्गात शिकवले जाते ते काय, याकडे वळता येईल. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’, पट्ट्यात शेजारी चालणे, तोंडातले सोडणे, असा बहुतेक वर्गांचा पाठ असतो, आणि त्यामागचे तत्त्व फार जुने नाही. इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या पचनावर काम करताना दाखवून दिले की अन्नाआधी एखादा संकेत नेमाने येत गेला की केवळ त्या संकेतानेही लाळ सुटते; याला अभिजात अभिसंधान म्हणतात, आणि पट्टा हातात घेताच कुत्रा दाराशी नाचू लागतो त्यामागे हेच असते. ज्या कृतीचे फळ गोड ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांडले आणि बी. एफ. स्किनर यांनी त्याची शिस्तबद्ध मांडणी केली. त्याला साधक अभिसंधान म्हणतात, आणि कृतीनंतर मिळणाऱ्या, ती कृती बळकट करणाऱ्या फळाला प्रबलन. तत्त्व एवढेच, पण त्यात वेळ साधणे फार महत्त्वाचे ठरते: फळ कृतीनंतर लगेच, एका श्वासाच्या आत मिळाले पाहिजे, नाहीतर पिल्लू भलत्याच कृतीशी त्याचा संबंध जोडते.

बोलावल्यावर येणे हा धडा या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. घरातील एकाने पिल्लाला छातीशी हलकेच धरावे. दुसऱ्याने उकडलेल्या कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा त्याच्या नाकाशी नेऊन दाखवावा, तीन पावले मागे जाऊन खाली बसावे आणि पिल्लाचे नाव घेऊन, आनंदी आवाजात, एकदाच ‘ये’ म्हणावे. सोडलेले पिल्लू धावत येते; त्याने हाताला नाक लावल्याबरोबर तुकडा द्यावा, त्याच वेळी दुसऱ्या हाताने गळपट्ट्याला स्पर्श करावा, आणि त्याला लगेच पुन्हा मोकळे सोडावे. हा शेवटचा भाग बहुतेक घरांत राहून जातो. पिल्लाला ‘ये’ म्हणून बोलावले जाते ते पकडून आंघोळ घालण्यासाठी, औषध पाजण्यासाठी किंवा खेळ थांबवून साखळीला बांधण्यासाठी, आणि मग आठ-दहा वेळांतच ते शिकते की ‘ये’ ऐकले की मौज संपते. नंतर विद्यापीठाच्या आवारात सकाळी फिरताना सोडलेला कुत्रा हाकेला ओ देत नाही आणि मालक ‘हट्टी आहे’ म्हणतो. वास्तविक त्याने घरात शिकवलेलेच अचूक लक्षात ठेवलेले असते.

हा धडा कोणत्याही घरात देता येतो, त्यासाठी वर्ग लागत नाही. वर्गाची गरज निर्माण होते ती घरातील माणसांमुळे. आजी जेवताना ताटातला तुकडा खाली टाकते, मुलगा त्याच टेबलाशी आलेल्या पिल्लाला ओरडतो. एक जण ‘बस’ म्हणतो, दुसरा ‘सिट’, तिसरा ‘खाली बस रे’. धाकटी मुलगी हात झटकत पळते आणि पिल्लू तिच्या फ्रॉकला दात लावते, त्यावर सगळे हसतात, आणि तेच पिल्लू तीस किलोंचे झाल्यावर तेच केले की त्याला मार बसतो. अशा घरात चांगला प्रशिक्षक आला तर तो पिल्लापेक्षा माणसांनाच अधिक शिकवतो, आणि तिऱ्हाइताने सांगितलेले घरातल्या सर्वांना पटते, हा वर्गाचा मोठा आणि फारसा न सांगितला जाणारा लाभ आहे. पोलिसांच्या श्वानपथकातही हेच दिसते. महाराष्ट्रात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या पुण्यातील केंद्रात पोलिसांच्या कुत्र्यांचे प्रशिक्षण होते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा ‘झंजीर’ हा लॅब्राडोर तिथेच तयार झाला. या व्यवस्थेत कुत्रा एकटा शिकत नाही. त्याचा श्वान हस्तक, म्हणजे त्याला सांभाळणारा पोलीस कर्मचारी, त्याच्याबरोबर शिकतो आणि पुढे तीच जोडी कामावर जाते. सरकारी खर्चाने, महिनोन्महिने चालणाऱ्या प्रशिक्षणातही माणसाला वगळता येत नाही, तर घरगुती कुत्र्याच्या बाबतीत ते कसे वगळता येईल?

म्हणूनच पिल्लाला दोन-तीन महिने प्रशिक्षकाच्या आवारात ठेवून ‘तयार’ करून आणण्याची जी पद्धत मोठ्या शहरांतून पसरते आहे, ती शक्यतो टाळावी. कुत्रा जे शिकतो ते त्या जागेशी, त्या माणसाच्या देहबोलीशी आणि आवाजाशी बांधलेले असते. ते दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसापुढे आपोआप उतरत नाही, तिथे ते पुन्हा शिकवावे लागते. शिवाय मालक डोळ्यांआड असताना पिल्लाला कोणत्या रीतीने शिकवले गेले, हे कळायला मार्ग नसतो. घरी येणारा प्रशिक्षक त्यापेक्षा बरा, पण तो एकटाच पिल्लाला अंगणात नेऊन तासभर फिरवत असेल आणि घरातले लोक आत चहा घेत असतील, तर पैसे जातात आणि कुत्रा फक्त प्रशिक्षकाचे ऐकायला शिकतो. पाच-सहा पिल्ले आणि त्यांची माणसे एकत्र असलेला वर्ग पिल्लासाठी सर्वांत उपयोगाचा, कारण त्यात अनोळखी माणसे, अनोळखी कुत्री आणि त्या गडबडीत आपल्या माणसाकडे लक्ष देणे हे एकाच वेळी साधते. असा पिल्लांचा, पट्टा सोडून खेळू देणारा वर्ग १९८० च्या दशकात इयान डनबार या पशुवैद्यकाने अमेरिकेत लोकप्रिय केला. त्याआधी सहा महिन्यांखालील कुत्र्याला वर्गात घेण्याची पद्धतच फारशी नव्हती, आणि ‘सहा महिन्यांचे होऊ द्या’ हा आपल्याकडे अजून टिकून असलेला सल्ला त्या जुन्या पद्धतीचा अवशेष आहे.

ती जुनी पद्धत केवळ उशिरा सुरू होत नसे, ती कठोरही होती. कोनराड मोस्ट या जर्मन अधिकाऱ्याचे १९१० मधील प्रशिक्षणाचे पुस्तक लष्करी व पोलिसी कुत्र्यांसाठी होते आणि त्यात गळपट्ट्याला हिसके, सक्ती व शिक्षा यांना मोठे स्थान होते. पुढे १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या झुंजी पाहून वर्चस्वाची जी कल्पना मांडली, ती कुत्र्यांवर लादली गेली; मालकाने ‘कळपाचा म्होरक्या’ व्हावे, पिल्लाला पाठीवर पाडून दाबावे, त्याच्याआधी जेवावे, असे सल्ले त्यातून निघाले. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी, ज्यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना सर्वदूर पोहोचवली होती, १९९९ मध्ये रानातील निरीक्षणांच्या आधारे स्वतःच ती दुरुस्त केली: रानातला लांडग्यांचा कळप हे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, तिथे सत्तेसाठी रोजची झुंज नसते. २०२० मध्ये पोर्तुगालमधील संशोधकांनी ९२ कुत्र्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे संप्रेरक, मोजले. हिसके, ओरडा आणि धाक यांवर चालणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांत प्रशिक्षणानंतर ते अधिक वाढलेले आढळले, आणि ताणाची लक्षणेही त्यांच्यातच जास्त दिसली. तरीही काटेरी गळपट्टा आपल्या बाजारात सहज मिळतो, आणि तो घातल्यावर कुत्रा ‘शांत’ झाल्याचे समाधान पुष्कळांना वाटते. गुरगुरणे मार देऊन बंद केलेला कुत्रा सुधारलेला नसतो. त्याने फक्त इशारा देणे सोडलेले असते, आणि असा कुत्रा पुढे इशारा न देता चावतो. या एका मुद्द्यावर मवाळ राहणे योग्य नाही: मारणारा प्रशिक्षक, मग तो कितीही नावाजलेला असो, पिल्लाजवळ फिरकू देऊ नये, आणि असा एकच वर्ग गावात असेल तर वर्गाविना राहणे केव्हाही चांगले.

जातीचा विचार बहुतेक घरे फार करतात. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय माहिती तपासली गेली, तेव्हा एका कुत्र्याच्या वर्तनातील फरकाचा सुमारे नऊ टक्केच भाग जातीने स्पष्ट होतो असे आढळले. तेव्हा ‘लॅब आहे, म्हणजे शांतच असणार’ हा भरवसा जितका पोकळ, तितकाच ‘गावठी आहे, त्याला काय शिकवायचे’ हा समजही. मात्र जातीचे काही विशेष उरतातच, आणि कोल्हापूरकरांच्या जवळचे उदाहरण मुधोळ हाउंडचे आहे. घटप्रभेकाठच्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या सडपातळ, लांब पायांच्या शिकारी कुत्र्याच्या जतनाला मोठा हातभार लावला. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये त्यावर तिकीट काढले आणि २०१६ मध्ये भारतीय सैन्याने त्याची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. हा कुत्रा नाकापेक्षा नजरेने शिकार करतो. दूर काही पळताना दिसले की तो धावतो, आणि एकदा धावला की हाक त्याच्या कानी पोहोचत नाही. अनोळखी माणसाचा स्पर्शही त्याला बहुधा आवडत नाही. अशा पिल्लाचे सामाजीकरण अधिक जपून करावे लागते, त्याला कुंपण नसलेल्या मैदानात मोकळे सोडण्याचा आग्रह वर्गानेही धरू नये, आणि त्याच्याकडून लॅब्राडोरसारखी लगबग अपेक्षून त्याला ‘मठ्ठ’ ठरवू नये.

कोणत्या घराने वर्ग घ्यावाच, याविषयी ठाम सांगता येण्यासारखे थोडे आहे. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले असेल, तर त्याने भावंडांशी खेळताना दाताचा जोर आवरायला शिकलेले नसते आणि त्याला इतर पिल्लांची संगत मुद्दाम द्यावी लागते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, तरी महिनाभराची पिल्ले राजरोस हातोहात जातात. घरातला हा पहिलाच कुत्रा असेल आणि तो रॉटवायलर किंवा जर्मन शेफर्डसारखा मोठा होणारा असेल, तर चूक निस्तरणे पुढे अंगबळाच्या पलीकडे जाते. ज्या पिल्लाला नव्या माणसापुढे खाटेखालून बाहेरच यायचे नसते, त्याला साध्या वर्गाची नव्हे तर वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्यकाची गरज असते. याउलट घरात दिवसभर कोणी ना कोणी असते, मायाळू आणि शिस्तीचा वयस्क कुत्रा आहे, अंगण आहे, माणसे एकमताने वागतात आणि पिल्लू तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच गर्दीत आनंदाने खाते-पिते, तिथे वर्गाचे पैसे वाचवायला हरकत नाही. बहुतेक घरे या दोहोंच्या मध्ये असतात, आणि त्यांच्यासाठी चार-सहा आठवड्यांचा पिल्लांचा वर्ग पुरेसा ठरतो.

ज्या घराने सारे नीट केले, त्यालाही आठव्या महिन्याच्या आसपास धक्का बसतो. २०२० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांना मार्गदर्शक कुत्र्यांच्या पिल्लांमध्ये असे आढळले की पाच महिन्यांचे असताना हुकूम मानणारे पिल्लू आठव्या महिन्यात स्वतःच्या माणसाचे ऐकेनासे होते, अनोळखी माणसाचे मात्र ऐकते. हे वयात येण्याचे लक्षण आहे आणि ते ओसरते. पण नेमक्या याच वयात कुत्री साखळीला कायमची बांधली जातात किंवा रस्त्यावर सोडली जातात. पहिल्या काही महिन्यांत केलेला वर्ग वाया गेला असे मानून हात टेकण्याऐवजी तेच धडे सोपे करून पुन्हा घ्यावेत, तुकडा अधिक रुचकर असावा आणि दावे थोडे लांब असावे.

दिवाळीच्या फटाक्यांची आणि त्याआधीच्या गणेशविसर्जनातील ध्वनिवर्धकांच्या भिंतींची तयारी हाही याच शिक्षणाचा भाग आहे. माणसाला सुमारे वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक वारंवारतेचे. अशा आवाजांची ध्वनिफीत अगदी हळू लावून त्याच वेळी पिल्लाला जेवण घालणे, आणि दिवसागणिक आवाज किंचित वाढवणे, ही सोपी पद्धत श्रावणातच सुरू केली तर आश्विनापर्यंत निम्मे काम होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ते जमणार नाही. त्या रात्री आतल्या खोलीत पंखा चालू ठेवून सोबत बसणे एवढेच शक्य असते.

कायद्याची बाजूही आता अधिक स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जाती ‘हिंस्र’ ठरवून त्यांच्यावर बंदी घालणारे परिपत्रक काढले होते, ते दिल्ली आणि कर्नाटक उच्च न्यायालयांनी पुढच्याच महिन्यात रद्द केले. म्हणजे कलम २९१ पुरती तरी कुत्र्याची जबाबदारी जातीवर न टाकता ती मालकाच्या वागण्यावरच पाहिली जाते. कुत्र्याच्या प्रशिक्षकासाठी मात्र भारतात कायद्याने ठरवलेली पात्रता किंवा परवाना नाही, कोणीही फलक लावून वर्ग सुरू करू शकतो, आणि त्यामुळे पारख करण्याचे काम घरालाच करावे लागते.

ती पारख पिल्लू घरी ठेवून करावी. वर्गाचा एक तास कडेला उभे राहून पाहावा: कुत्र्यांच्या शेपट्या सैल आहेत की पोटाशी, प्रशिक्षक जवळ येताच ती पुढे सरकतात की जमिनीला चिकटतात, चुकलेल्या पिल्लाचे पुढे काय होते, लसीची नोंदवही कोणी मागते की नाही, आणि तासातला किती वेळ पट्टा मालकाच्या हातात असतो. जो प्रशिक्षक असे पाहू देत नाही, त्याच्याकडे पिल्लू नेऊ नये.